खंडेनवमीची रिकामी तिजोरी

१

तिजोरी कुणी फोडली नव्हती. कुलूप शाबूत होतं, किल्ली ज्याची त्याच्याजवळ होती, आणि तिजोरीचं आकारमानही तसूभर कमी झालं नव्हतं. तरी आतला माल नाहीसा झाला होता. बरं, ती तिजोरी बोटाने दाखवावी म्हटलं तर तेही जमत नव्हतं, कारण ती कॉम्प्युटरच्या पोटात होती.

"कळलं का तुला?" दिनानाथ चुरीने विचारलं.

"नाही," हिलरी डाबरे म्हणाले. इतकं खरं उत्तर त्यांनी आयुष्यात क्वचितच दिलं असेल.

हिलरी विमा कंपनीचे सर्व्हेअर होते, आता निवृत्त. सातिवलीत एखादं गोदाम जळालं की राखेत काठी खुपसत फिरायचं आणि माल खरंच जळाला की मुळात नव्हताच, हे शोधायचं, हे त्यांचं काम. राखेतलं त्यांना सगळं कळायचं. कॉम्प्युटर मात्र त्यांनी फक्त बँकेत, तोही काचेपलीकडून पाहिला होता. पण दिनानाथ वसईच्या शाळेत त्यांच्या बाकावर बसलेला. त्याच्या घरच्या वाडीतली केळी दोघांनी मिळून खाल्लेली. त्याने बोलावलं आणि हे गेले.

दिनानाथचा सातिवलीला प्लास्टिकचे साचे बनवायचा कारखाना होता. मुंबईच्या एका औषध कंपनीसाठी तो बाटलीचं नवं झाकण घडवत होता, लहान मुलांना उघडता येऊ नये असं. कंपनीची अट कडक होती. ड्रॉइंग कुलूपबंद ठेवायची आणि दुसरी प्रत करायची नाही. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. पासवर्ड दिला की तिजोरी उघडायची, बंद केली की आत काय आहे ते परमेश्वरालाही वाचता येऊ नये. पण ते सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. नव्या विंडोजवर धापा टाकत चालायचं, मध्येच गोठून बसायचं. म्हणून नव्या सॉफ्टवेअरची नवी तिजोरी करून माल तिकडे हलवायचा आणि जुनी पुसून टाकायची, असं ठरलं. हे काम ड्रॉइंग काढणाऱ्या सुमेध कांबळेकडे होतं.

"खंडेनवमीच्या पूजेआधी काम आटप, दसऱ्याला नवी तिजोरी वापरात आली पाहिजे, असं मी त्याला सांगितलं होतं," दिनानाथ म्हणाला. "त्याने आटपलं म्हणून सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीने नागपूरला गेला, दीक्षाभूमीवर. दसऱ्याला मी नवी तिजोरी उघडली. आत काही नाही. एक ड्रॉइंग नाही! आणि जुनी तर त्याने मागमूस राहणार नाही अशी पुसलेली."

"मग तो काय म्हणतो?"

"म्हणतो, मी ठेवलं होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं." दिनानाथने टेबलावर हात आपटला. "विकली त्याने ड्रॉइंग. परत आला त्याच दिवशी मी त्याला काढून टाकला. सातिवलीत आता कुणी त्याला दारात उभं करणार नाही. परवा सकाळी पोलिसांत जातोय. त्याच्याआधी तू एकदा बघ."

हिलरींनी त्या काळ्या पडद्याकडे बघितलं. पडद्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं, आणि तेही गोंधळलेलं.

२

सुमेध आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्याच्या बायकोने, सुरुचीने उघडलं. ती पाहुण्याकडे न बघता आधी जिन्याकडे बघत होती. समोरचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

"आता हे असंच चालतं, काका," ती म्हणाली. "जितेंद्र आला होता ना, दिनानाथभाऊंचा पुतण्या. दोन माणसं घेऊन. कपाटं उपसली. मुलीचं दप्तर उलटं केलं. यांनी नागपूरहून आणलेली पुस्तकं एकेक धरून झटकून पाहिली. अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी होती. आता खाली पाण्याच्या टाकीपाशी मी गेले की बायका गप्प होतात. मुलगी शाळेत जायला तयार नाही."

सुमेध आतून आला. दाढी वाढलेली, पण बोलणं शांत. हिलरींनी त्याला म्हटलं, मला अगदी बाळबोध भाषेत सांग. त्याने सांगितलं.

कॉम्प्युटर आपल्या प्रत्येक खणाला एक अक्षर देतो. तिजोरी उघडली की तीही एका खणासारखी दिसते. जुनी तिजोरी उघडली की 'ई' खण व्हायची. नवी उघडून पाहिली तेव्हा ती 'एफ' झाली. मग 'ई'मधलं सगळं 'एफ'मध्ये उतरव, असा हुकूम त्याने टाईप केला. सुमेध जुन्या वळणाचा, माऊस फिरवण्यापेक्षा हुकूम टाईप करण्यावर त्याचा भरवसा. काम झाल्यावर 'एफ' खणात डोकावला. ड्रॉइंग एकूण एक तिथे होती. त्यातली दोन उघडूनही पाहिली. मगच जुनी पुसली.

"आणि हे सगळं पूजेच्या आधी?"

"आधीच," सुमेध म्हणाला, पण म्हणताना त्याने सुरुचीकडे पाहिलं.

हिलरींना या सगळ्यातलं निम्मं कळलं नाही. ते पाहणं तेवढं कळलं. जळिताच्या कामात तसं पाहणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. त्यातली बहुतेक खोटं बोलत असत, आणि त्यातली थोडी चोर असत.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात एकेकाला ऑफिसात बोलावलं.

जितेंद्र आला तो खुर्चीत रेलूनच. "अंकल, सिंपल मॅटर आहे. पासवर्ड दोघांनाच माहीत. एक काका, एक सुमेध. काका स्वतःची चोरी करणार नाहीत. मग राहिला कोण? आणि नागपूरला जायची एवढी घाई कशाला? तिकडे कुणाला तरी सीडी दिली असणार."

"तुम्हाला त्याच्या घरी काही मिळालं?"

"माल घरात ठेवेल का तो? बाय द वे, त्या दिवशी पूजेलाही नव्हता. बाहेर गेटपाशी उभा होता."

"तो दरवर्षीच बाहेर उभा असतो ना?"

"ते आहे," जितेंद्र म्हणाला.

त्याची बायको भाविका ऑफिस सांभाळायची. चुणचुणीत मुलगी, पण आज पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने पूजेचा फोटो पडद्यावर काढून दाखवला. लेथ, ड्रिल, व्हर्नियर, सगळ्यांना हळदकुंकू. कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूची एवढी जाड माळ घातलेली की डबा कुठे आणि माळ कुठे ते कळू नये.

"काकांचं फार कडक असतं," ती म्हणाली. "नवमीला एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कुठल्या हत्याराला हात लावायचा नाही. मागे एकाने पूजेनंतर ड्रिल चालवलं तर त्याला घरी बसवला होता."

"मग हा फोटो कॉम्प्युटरमध्ये कधी आला?"

"दसऱ्याला सकाळी. मीच घेतला कॅमेऱ्यातून. नवमीला कोण हात लावणार?"

शेवटी आला अँथनी, कारखान्याचा जुना फिटर. त्याच्याकडून चोरीबद्दल काही निघेना. निघालं ते भावाबद्दल. "डाबरेसाहेब, माझा भाऊ व्हॅलेरियन बोटीवर असतो, त्याने मला एक कॅमेरा आणला. पूजेचे फोटो मीच काढले. रविवारी आमच्या सालोमीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, म्हणून भाविकाच्या मागे लागून कॅमेरा रिकामा करून घेतला आणि नवमीलाच संध्याकाळी घरी नेला. चर्चमध्ये फादरने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, मी बटन दाबलं, तर म्हणतो कसा, जागा नाही! अहो, चार फोटो काढले होते. घरचे अजून माझ्याशी बोलत नाहीत. फसवला व्हॅलेरियनला कुणीतरी बंदरात."

हिलरींनी मान डोलावली. जळिताच्या कामातही लोक असेच, विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगतात.

"सुमेधला त्या दिवशी कधी पाहिलंस?"

"आम्ही पूजा करून मागच्या शेडमध्ये जेवायला बसलो होतो. मी हात धुवून कॅमेरा मागायला आलो, तर तो कॉम्प्युटरवरून उठत होता. मला बघून दचकला. मी कुणाला बोललो नाही. भाऊंना कळलं असतं तर राडा झाला असता."

हिलरी खुर्चीत ताठ बसले. सुमेध सांगत होता पूजेआधी. हा सांगत होता पूजेनंतर.

४

"खोटं का बोललास?" आचोळ्याच्या त्याच खोलीत हिलरींनी विचारलं. त्यांना राग आला होता, आणि तो स्वतःवरही होता. या मुलाच्या शांतपणाने ते जवळजवळ पाघळले होते.

सुमेध म्हणाला, "जुनं सॉफ्टवेअर सकाळपासून दोनदा गोठलं. नवी तिजोरी तयार करून, एकदा उघडून बघितली तेवढ्यात पूजेची घंटा झाली. भाऊ म्हणाले, उठ. मी नवी बंद केली. जुनी मात्र उघडीच ठेवली. ती एकदा मिटली की पुन्हा उघडायला फार रुसायची. पडदा तेवढा बंद केला आणि गेटपाशी गेलो. सगळे जेवायला गेल्यावर गुपचूप आत येऊन नवी पुन्हा उघडली आणि काम उरकलं. संध्याकाळी गाडी होती. पूजेनंतर हात लावला म्हणालो असतो तर भाऊंनी तिथेच काढला असता."

"म्हणजे पूजा चालू असताना तिजोरी सताड उघडी होती?"

"हो."

"कुणीही येऊन ड्रॉइंग घेतली असती?"

"हो. पण घेतली तरी जुन्यातून घेतली असती, साहेब. मी नंतर नव्यात उतरवली ती कुठे गेली?"

हिलरींच्या डोक्यात दोन तिजोऱ्या, पाच माणसं आणि इंग्रजी मुळाक्षरं यांचा असा गुंता झाला की त्यांनी सुरुचीकडे प्यायला पाणी मागितलं. पोलिसांत जायला आता एकच रात्र उरली होती, आणि त्यांच्या हाती जे नवं लागलं होतं ते सगळं या मुलाच्या विरुद्ध जात होतं. दिनानाथला हे सांगितलं तर तो उद्याची सकाळही होऊ देणार नव्हता.

पाण्याचा पेला परत घेताना सुरुचीने विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांना काय वाटतं तेच त्यांना कळत नव्हतं. तसं सांगायची त्यांना लाज वाटली.

५

आपल्याला येत नाही ते येणाऱ्याला विचारावं, एवढं शहाणपण हिलरींजवळ होतं. त्यांच्या शेजारची ज्ञानदा म्हात्रे नालासोपाऱ्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तिला घेऊन ते बुधवारी सकाळी सातिवलीत हजर झाले. दिनानाथ तक्रारीचा कागद खिशात घालून निघायच्या बेतात होता.

"फक्त एकदा तिजोरी उघड," हिलरींनी गळ घातली. दिनानाथने कुरकुरत पासवर्ड टाकला.

"बाळा, मला एवढंच सांग," हिलरी ज्ञानदाला म्हणाले. "गोदाम जळालं की मालाची राख राहते. कितीही झाडा, कोपऱ्यात सापडतेच. राख नसली तर माल नव्हताच म्हणायचा. या तिजोरीतून कुणी फाइली उचलल्या किंवा पुसल्या असतील, तर मागे काही राख राहते का?"

ज्ञानदाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "राहते की. पुसलेल्या फाइलीचं नाव, तिची जागा, असं काही ना काही मागे राहतं. बघते." ती बराच वेळ कुठलंसं सॉफ्टवेअर चालवत राहिली. दिनानाथ घड्याळ बघत होता, जितेंद्र मोबाइलशी खेळत होता.

"इथे काही नाही," ती शेवटी म्हणाली. "पुसलेलंसुद्धा नाही. नवीकोरी आहे ही तिजोरी. हिच्यात कधी काही ठेवलेलंच नाही."

"बघा!" जितेंद्र म्हणाला. "ठेवलंच नाही त्याने!"

पण हिलरींच्या डोक्यातल्या गुंत्याची एक गाठ तिथे सुटली. सुमेधला ड्रॉइंग विकायची असती तर त्याने तिजोरी रिकामी कशाला ठेवली असती? ड्रॉइंगची नक्कल करून न्यायची आणि तिजोरीत ती राहू द्यायची. कुणाला पत्ताही लागला नसता. रिकामी तिजोरी मागे ठेवून, वर नागपूरहून परत येऊन मालकासमोर उभा राहणारा चोर त्यांनी पाहिला नव्हता. म्हणजे मुलगा खरं बोलत होता. त्याने ड्रॉइंग उतरवली होती आणि उतरवलेली डोळ्यांनी पाहिलीही होती. फक्त या तिजोरीत नव्हे.

"ज्ञानदा, ते 'एफ' अक्षर. ते तिजोरीला कायमचं दिलेलं असतं का?"

"नाही हो. दवाखान्यातल्या नंबरासारखं आहे ते. जो आधी येईल त्याला पुढचं रिकामं अक्षर. 'एफ'वर आधीच दुसरं काही बसलं असेल तर तिजोरीला 'जी' मिळणार. 'एफ'वर पेन ड्राइव्ह बसू शकतो, दुसरी डिस्क बसू शकते. तारेने जोडाल ते काहीही."

हिलरी जागच्या जागी थबकले.

"कॅमेरासुद्धा?" त्यांनी विचारलं.

ऑफिसच्या दारात चहाचे कप घेऊन आलेल्या भाविकाच्या हातातली बशी खळकन खाली पडली.

६

"दसऱ्याला सकाळी घेतलेस ना फोटो?" हिलरी मऊ आवाजात म्हणाले. "पण अँथनी तर कॅमेरा नवमीलाच संध्याकाळी घेऊन गेला. रिकामा करून."

भाविकाने काकांकडे पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. मग सगळं बाहेर आलं. अँथनी सारखा मागे लागला होता. जेवणं चालू असताना ती हळूच ऑफिसात आली, कॅमेऱ्याची तार कॉम्प्युटरला जोडली आणि फोटो उतरवून कॅमेरा रिकामा केला. आता तार काढणार तोच बाहेर पावलं वाजली. काकाच आले असं वाटून तिने कॅमेरा तसाच झेंडूच्या माळेआड सरकवला, पडदा बंद केला आणि मागच्या दाराने पसार झाली. पावलं सुमेधची होती, हे तिला खिडकीतून दिसलं. पण तो कॉम्प्युटर बंद करायला आला असेल, असं समजून ती गप्प राहिली. तो गेल्यावर तिने कॅमेरा काढून अँथनीला दिला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" दिनानाथ ओरडला.

"पूजेनंतर हात लावला म्हणून तुम्ही मला घरातून काढलं असतं, काका! आणि कॅमेऱ्याचा याच्याशी काही संबंध असेल हे मला काय माहीत?"

एकाच नियमाला भिऊन दोघांनी एकाच कॉम्प्युटरला पाठोपाठ चोरून हात लावला होता, आणि दोघांनीही तोंडातून ब्र काढला नव्हता. 'एफ'वर कॅमेरा बसला होता. नवी तिजोरी 'जी' झाली होती. सकाळच्या सवयीने सुमेधने 'एफ' टाईप केलं आणि कंपनीचं सगळं गुपित, कुलूप नाही की कडी नाही, अँथनीच्या कॅमेऱ्यात जाऊन बसलं. कॅमेरा फोटोखेरीज काही दाखवत नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. जागा मात्र भरली.

"अँथनी!" हिलरींनी शेडकडे हाक मारली. "कॅमेरा कुठाय?"

अँथनी हात पुसत आला. "विरारला दिलाय, काल. रिपेअरवाल्याकडे. तो म्हणाला, आतलं कार्ड पार कोरं करून देतो, मग चालेल. आज सकाळी करणार होता."

जुनी तिजोरी पुसलेली, नवी रिकामी, आणि आता हे. कार्ड कोरं झालं तर ड्रॉइंग गेलीच. शिवाय सुमेधने ती विकली नाहीत, हे सांगणारं जगात काहीच उरणार नव्हतं.

रिपेअरवाल्याचा फोन लागेना. अँथनीने स्कूटर काढली, हिलरी मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला आणखी जोरात चालव म्हणून सांगितलं.

विरारला स्टेशनजवळच्या बोळात ते दुकान होतं. दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत बाहेर स्टुलावर बसला होता.

"कॅमेरा?" तो म्हणाला. "थांबा की हो. सकाळपासून लाइट नाही. कार्ड कॉम्प्युटरला लावून ठेवलंय, लाइट आली की एका मिनिटात कोरं करून..."

त्याच्या डोक्यावरचा पंखा खडखडला आणि फिरू लागला. दुकानदार "आली बघा" म्हणत आत वळला. हिलरी डाबरे, वय वर्षं साठाच्या पुढे, यांनी काउंटरवरून आडवं होऊन ते कार्ड उपटून काढलं. वजनाला ते चिंचोक्याएवढं होतं. ते मुठीत घट्ट धरून त्यांनी डोळे मिटले आणि मारियामातेचं नाव घेतलं.

७

सुमेधला बोलावणं धाडलं. तो आला, सुरुचीही आली. ज्ञानदाने कार्ड लावलं. बाळाचे चार फोटो, आणि त्यांच्यामागे झाकणाची ड्रॉइंग, एकूण एक.

काम सुमेधनेच पुरं केलं. कॉम्प्युटरला आणखी काही जोडलेलं नाही ना, हे त्याने डबा फिरवून चारी बाजूंनी पाहिलं. तिजोरी उघडली, अक्षर पाहिलं, ड्रॉइंग आत उतरवली. तिजोरी बंद करून पुन्हा उघडली आणि एकेक ड्रॉइंग दिनानाथला दाखवलं. कार्डावरचं पुसलं, पण आधी बाळाचे फोटो अँथनीसाठी बाजूला काढून ठेवले.

"चूक माझीही आहे, भाऊ," उठताना तो म्हणाला. "अक्षर पाहायला हवं होतं. पूजेनंतर हात लावला हेही लपवलं. ते मला मान्य आहे."

"जाऊ दे रे," दिनानाथने एकदम मोकळा श्वास सोडला. "झालं ते झालं. उद्यापासून कामावर ये. अँथनी, पेढे आण जरा."

सुमेध जागचा हलला नाही. "पासवर्ड दोघांना माहीत होता, भाऊ. तुम्हाला आणि मला. तुमचं कपाट कुणी उघडलं का?"

"माझं कपाट?" दिनानाथला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "मी कशाला माझीच..."

"आणि पूजा चालू असताना मी एकटाच बाहेर होतो, तिजोरी आत होती. आत जितेंद्र होते, भाविकाताई होत्या, अँथनी होता. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी माणसं गेली?"

हिलरींनी मान खाली घातली. त्यांनी स्वतः सगळ्यांना प्रश्न विचारले होते. पण खोटं बोलल्याचा जाब विचारायला ते पहिल्यांदा आचोळ्यालाच गेले होते. खोटं तर भाविकाही बोलली होती. तिच्यावर त्यांना राग आला नव्हता. असं का झालं, याचा उलगडा करायला ज्ञानदाचं कुठलंच सॉफ्टवेअर त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

"मग काय करू म्हणतोस?" दिनानाथने विचारलं. "सातिवलीत सगळ्यांना फोन करतो. आज, आत्ता. तुझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही करतो. सांगतो, गैरसमज झाला."

"झडतीला फोन केला नव्हता," सुरुची म्हणाली.

जितेंद्रने खिशातली किल्ली काढली, पाहिली आणि परत ठेवली. दिनानाथने एकदा हिलरींकडे पाहिलं, शाळेत उत्तर येत नसलं की पाहायचा तसं. हिलरींनी या वेळी काही सुचवलं नाही. शेवटी दिनानाथने चपला पायात सरकवल्या.

"जितेंद्र, तूही चल," तो म्हणाला.

आचोळ्याला गाडी थांबली तशी खिडक्यांतून डोकी दिसू लागली. पुन्हा तेच लोक आले, असं बिल्डिंगला वाटलं असणार. पहिल्या मजल्यापासूनच दारं उघडत गेली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दिनानाथला धाप लागली होती. तो कठड्याला धरून उभा राहिला. वरच्या जिन्यात माणसं होती, खालच्या जिन्यात माणसं होती. समोरच्या दारातली बाई आज दार लोटून घेत नव्हती.

"सुमेधने काही घेतलं नव्हतं," दिनानाथ म्हणाला. "त्याच्याबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. त्याच्या घरात माणसं घुसवली, ती माझी चूक. मी माफी मागतो."

आवाज त्याच्या शर्टाच्या खिशापलीकडे गेला नाही. जितेंद्र भिंतीकडे बघत होता. खालून कुणीतरी विचारलं, काय म्हणाले?

सुरुची दाराशी मुलीचा हात धरून उभी होती.

"खाली ऐकू आलं नाही, भाऊ," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आलं होतं."

दिनानाथने घसा खाकरला, कठड्यावरचा हात काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.